गुरुवारी न फुलणारं फूल

चाकणच्या कांदा बाजारापाशी बारदानाचं दुकान चालवणाऱ्या मन्सूरभाईंना दोन मुलं. थोरला शादाब, त्याला सांगितलेलं कळत नसे, करून दाखवलेलं कळे. धाकटी साबिया; तिला दोन्ही कळे, फक्त आपलं चुकलंय हे कळायला जरा वेळ लागे. हा गुण घराण्यातूनच आलेला. मन्सूरभाईंनी एकदा ओलं बारदान कोरडं समजून घेतलं होतं, आणि ते उन्हात खरोखर वाळेपर्यंत "कोरडंच आहे" म्हणून सांगत राहिले होते.

शादाबनं औद्योगिक वसाहतीत शेड भाड्यानं घेऊन मोटारींचे सुटे भाग साफ करून द्यायचा धंदा मांडला होता. साबिया राजगुरुनगरच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय वनस्पतिशास्त्र, त्यातही हवेतले परागकण. फुलांमधून उडणारी ही धूळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. लोकांना ती कळते ती शिंक आल्यावर. पण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कणाचा तोंडवळा निराळा. कुणाच्या अंगावर काटे, कुणाच्या अंगावर जाळी, कुणाला तीन छिद्रं, तर गवताच्या कणाला एकच, बेंबीसारखं.

शादाबनंच तिला पत्र्याच्या दोन गोल चकत्या एकावर एक बसवून दिल्या होत्या. वरची चकती पावसापासून आडोसा, खालचीवर काचपट्टी. पट्टीला चिकट थर लावायचा, रात्रंदिवस हवेत जे फिरेल ते तिच्यावर येऊन बसेल. सकाळी ती काढायची, नवी लावायची, जुनी कॉलेजात नेऊन मोजायची. हे यंत्र घराच्या छतावर, पाण्याच्या टाकीशेजारी उभं होतं. ईद असो की अंगात ताप, एकही सकाळ तिनं चुकवली नव्हती. ताप होता त्या दिवशी झुलेखाबींनी, म्हणजे तिच्या आईनं, जिना अडवून धरला होता. साबिया शेजारच्या छतावरून आली.

टाकळकर सरांना असले विद्यार्थी आवडत. दौलतराव टाकळकर मूळचे खेड तालुक्यातल्याच एका वाडीचे. बोलणं पुण्याचं झालेलं, पण राग आला की वाडी बाहेर यायची. त्यांच्या शिकवण्यात एक वाक्य ठरलेलं : "दिसण्यावर जाऊ नका, वंश विचारा." उदाहरणही ठरलेलं. जुन्या पुस्तकांत कांदा लिलीच्या कुळात होता, कारण फुलं तशी दिसायची. पुढं शास्त्रज्ञांनी आतला वारसा तपासला, तेव्हा कळलं की कांद्याची खरी भावकी नर्गिसच्या कुळात. उचलला कांदा आणि ठेवला तिकडं.

साबियानं हे घरी सांगितलं तेव्हा मन्सूरभाई हरखले. "नर्गिस? म्हणजे कांदा आमच्यात आला म्हणा की! उद्या आडत्याला सांगतो, आता तरी जरा अदबीनं ओत."

सर उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. निवृत्तीला आलेल्या माणसाची एक गंमत असते. इतकी वर्षं जे मिळालं नाही त्याबद्दल त्याची तक्रार नसते, पण शेवटच्या चार महिन्यांत ते मिळेल अशी आशा मात्र त्याला धरते. सरांना आपल्या नावाशी जोडलेला एखादा नवा शोध हवा होता. फार मोठा नको, पण नवा.

आणि साबियाला हवी होती जागा. आसपासच्या कॉलेजांना मिळून संशोधनाची एकच जागा आली होती. निगडीला बैठक भरणार, मुलामुलींनी आपलं काम मांडायचं, बाहेरून येणारी समिती एकाला निवडणार. जागा नाही मिळाली तर एका कंपनीच्या तपासणी विभागातली नोकरी तयार होती. शिफ्ट, बस, कँटीन, सगळं. तिथंही मोजायचंच होतं, फक्त बोल्ट. बोल्ट मोजण्यात काही वाईट नाही. पण बोल्ट कुठून आला हे आधीच माहीत असतं, आणि साबियाला त्यात राम वाटत नव्हता. तिला जागा हवी म्हणजे हवी होती.

तो कण पहिल्यांदा दिसला दिवाळीनंतर. अगदी गोल. अंगावर काटा नाही, नक्षी नाही, छिद्र नाही. साबियानं ओळखकिल्ली काढली. ओळखकिल्ली म्हणजे प्रश्नांची जोडी-जोडीनं लावलेली वाट : छिद्रं आहेत की नाहीत? नसतील तर डावीकडं. अंगावर नक्षी आहे की गुळगुळीत? गुळगुळीत असेल तर पुढं. असं वळत-वळत गेलं की वाट एखाद्या कुळाच्या दाराशी नेऊन सोडते. ही वाट तिला बिनछिद्र, बिननक्षीच्या कणांच्या गल्लीपर्यंत घेऊन गेली, पण त्या गल्लीतलं एकही दार उघडेना.

"सर, हा कशातच बसत नाही."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला.

"रंग घेतलाय का यानं?" मोजण्याआधी पट्टीवर गुलाबी रंग घालत; परागकण तो शोषून घेतो.

"फारसा नाही सर. कडेला गुलाबी दिसतोय, पण तो आजूबाजूच्या थराचा असेल."

"कवच जाड असेल," सर म्हणाले. "ॲसिडात उकळून बघ."

परागकणाची हीच तर कसोटी. तीव्र ॲसिडात आतला ऐवज विरघळून जातो, बाहेरचं कवच मात्र टिकतं. म्हणूनच हजारो वर्षांपूर्वीचे परागकण तळ्याच्या गाळात अजून सापडतात. साबियानं कण ॲसिडातून काढले. बाकी सगळ्यांची आतडी गेली, कवचं राहिली. हा मात्र होता तसाच, गोल, स्वच्छ, वर जरा जास्तच चकचकीत.

"पुरून उरला!" सरांनी टेबलावर हात मारला. "पक्का परागकण! साबिया, हा कुठल्याच पुस्तकात नाही."

त्या दिवशी सरांनी स्वतः चहा सांगितला. विभागात ही गोष्ट कुणाच्या स्मरणात नव्हती. संध्याकाळपर्यंत कणाला नावही मिळालं : 'चाकण प्रकार एक'. 'एक' यासाठी, की दोनही सापडेल अशी आशा असावी. निगडीच्या बैठकीसाठी सरांनी साबियाच्या कामाचं शीर्षक कळवून टाकलं आणि त्यात हा नवा प्रकार ठसठशीत घातला. इतर कॉलेजांतल्या ओळखीच्यांना फोन करून "काही खास नाही, येऊन बघाच" असंही सांगितलं.

साबियाला त्या कणाचं रंग न घेणं टोचत होतं. पण जागा हवी असलेल्या माणसाला टोचलेलं लवकर विसरता येतं.

बैठक आठवड्यावर आली तेव्हा ती आणि अंजली प्रयोगशाळेच्या भिंतीवर परागकणांचं कॅलेंडर लावत होत्या. अंजली निगडीची, तिचे वडील कंपनीतून निवृत्त झालेले. ती साबियाच्याच वर्गात होती, तिचा विषय नेचे आणि स्वभाव वात्रट. कॅलेंडर म्हणजे कापडासारखा लांबच लांब कागद. त्यावर प्रत्येक वनस्पतीचा एक रंगीत पट्टा, ज्या दिवशी जितके कण तितका जाड. गवतांचा पट्टा पावसाळा संपताना फुगून हिवाळ्यात रोडावलेला. गाजरगवत मधूनमधून उसळलेलं. वावळीची झाडं नुकतीच फुलायला लागून अचानक धबाधब. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या डेंगळ्यांना माळभर फुलं आलेली असूनही कांद्याचा पट्टा जेमतेम रेघभर. कांद्याचं काम मधमाश्या करतात, त्याला वाऱ्याची गरज नाही.

आणि सगळ्यात खाली 'चाकण प्रकार एक', निळा.

अंजली स्टुलावरून उतरून लांब उभी राहिली, मान वाकडी करून. "साबिया, तुझं हे फूल कामावर जातं का गं?"

"काय?"

"बघ की. बाकी सगळे चढतायत, उतरतायत. हे रोज सारखंच. आणि मधेच एक फट. पुन्हा रोज, पुन्हा फट. कुठला वार आहे हा?"

साबियानं तारखांवरून बोट फिरवलं. "शुक्रवारी काढलेल्या पट्ट्या."

"म्हणजे गुरुवारची हवा." अंजली हसायला लागली. "अगं, हे एमआयडीसीचं फूल! आमचे पप्पा पण गुरुवारी असेच नसायचे कुठं, दिवसभर चादर ओढून घरी. गुरुवारी वीकली ऑफ! ओव्हरटाइम करतं का बघ!"

गुरुवार. पिंपरीपासून चाकणपर्यंत आठवड्याची सुट्टी रविवारी नव्हे, गुरुवारी असते. पोरांची सुट्टी एका दिवशी आणि बापाची दुसऱ्या, यावर इथल्या दोन पिढ्या वाढल्या. साबिया हसली नाही. तिचं बोट निळ्या पट्ट्यावर पुढं सरकलं. दिवाळीच्या सुट्टीत शेड बंद होत्या. पट्टा तिथून पुढं सुरू झालेला. मकर संक्रांतीला फट. प्रजासत्ताक दिनाला फट.

"अंजली," ती म्हणाली, "आज मला सहाच्या आत घरी पोचायचंय."

एरवी ती पोचायची तेव्हा शादाब आंघोळ करून, केस विंचरून, मोबाइल बघत बसलेला असायचा. आज ती आधी आली आणि छतावर टाकीच्या आडोशाला उभी राहिली. थोड्या वेळानं बाहेरच्या जिन्यावर पावलं वाजली. शादाब वर आला, नखशिखांत पांढुरका. त्यानं शर्ट काढला, दोन्ही हातांनी धरला आणि धोब्यासारखा सटासट झटकला. मग पँटची टोकं झटकली. मग रुमाल. मावळतीच्या उन्हात हवा क्षणभर चकाकली. वारा पश्चिमेचा होता, आणि पत्र्याच्या चकत्या त्याच्या पूर्वेला, हाताच्या अंतरावर.

"भाई!"

शादाब असा दचकला की रुमाल खाली अंगणात गेला. "मर गया! अगं काय भुतासारखी!"

"तू रोज इथं झटकतोस?"

"मग कुठं झटकू? अम्मीनं सांगितलंय ना, घरात तो कचरा घेऊन पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन. दिवाळीपासून हाच कायदा आहे. नवं मशीन आलं तेव्हापासून."

"नव्या मशीनमध्ये काय असतं?"

"ग्लास बीड." शादाबनं कोपरावरून बोट फिरवलं आणि तिच्यापुढं धरलं. "काचेचे मणी गं, बारीक. हवेच्या प्रेशरनं मारायचे, ॲल्युमिनियम लख्ख. हात लाव, कसं रेशमासारखं लागतं. फरशीवर सांडलं ना, तर माणूस सरळ भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन थांबेल."

साबियानं बोटाला बोट लावलं. खरंच रेशमासारखं होतं. तिनं तेवढं कागदाच्या पुडीत घेतलं आणि एक शब्दही न बोलता खाली गेली. शादाबला वाटलं, अम्मीकडं तक्रार गेली. त्यानं रुमाल आणायच्या आधी हातपाय धुतले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिनं एका पट्टीवर पुडीतले मणी ठेवले, दुसऱ्या पट्टीवर 'चाकण प्रकार एक'. दोन्हीकडं तेच. तरी घराण्याचा गुण उसळी मारून वर आला. सारखं दिसतं म्हणून काय झालं? दिसण्यावर जाऊ नका असं सरच म्हणतात. मग तिनं पत्र्याच्या तुकड्यावर एका बाजूला गवताचे कण आणि दुसऱ्या बाजूला आपला लाडका प्रकार ठेवला, आणि स्पिरिटचा दिवा खाली धरला. परागकणाचं कवच ॲसिडाला दाद देत नाही, पण विस्तवापुढं शेवटी ते एका जिवंत झाडाचं लेकरू. गवत काळं होऊन राख झालं. लाडका प्रकार बसल्या जागी तसाच चकाकत राहिला.

ती ओळखकिल्लीकडं बघत बसली. किती प्रश्न विचारले होते त्या किल्लीनं! छिद्रं किती, नक्षी कसली, आकार केवढा. एकच प्रश्न कुठं नव्हता : तुम्ही आणलाय तो मुळात पराग आहे का? किल्ली ते गृहीतच धरते. दारापर्यंत आलेला पाहुणा नात्यातलाच असणार, असं धरून ती फक्त कुठल्या घरचा एवढंच विचारते. मग काचेचा मणी जरी येऊन उभा राहिला, तरी त्याला कुठल्या तरी कुळाच्या पंगतीला बसवून मोकळी होते.

सर स्टाफरूममध्ये एकटे होते. साबियानं दार लावलं, तिथंच सगळं सांगितलं. गुरुवार, शादाब, विस्तव. सरांनी मधे एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर ते खिडकीशी गेले आणि बाहेरच्या सुबाभळीकडं पाहत राहिले, जणू तीच फितूर झाली होती.

"नक्की?"

"तीनदा जाळलं सर."

"हं." ते मग हळूच म्हणाले, "शीर्षक गेलंय. लोक यायचेत. असं कर, कॅलेंडरवर तो पट्टा राहू दे. नाव काढ, नुसतं 'अनोळखी' लिही. त्यात खोटं काही नाही. अनोळखी तर होताच."

"होता सर. आता ओळखलाय. ओळखल्यावर अनोळखी कसं म्हणू?"

"साबिया, तुला जागा पाहिजे का नको?"

"पाहिजे."

"मग ऐक माझं. समितीपुढं एकेक पोरगं चकचकीत काम घेऊन येणार. तुझ्यात चमकणारं तेवढंच होतं. ते काढलंस तर राहतं काय? गवत आणि गाजरगवत. कोण देणार जागा?"

"चमकत होता कारण काचेचा होता, सर."

सर वळले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला शिकवू नगंस!"

"नाही सर. तुम्हीच शिकवलंत. दिसण्यावर जाऊ नका, वंश विचारा. मी याचा वंश विचारला. भट्टीत जन्मलाय." तिनं मण्यांची पुडी टेबलावर ठेवली. "मी निगडीला हेच सांगणार. शीर्षक बदलून द्या, नाहीतर मी तिथं उभी राहून बदलते."

सरांनी कपाटातून चॉकपेटी काढली, उघडली, बंद केली, परत ठेवली. तास नव्हता त्यांना. साबिया बाहेर पडली तेव्हा तिला वाटलं, जागा गेली. ते नीट मनात बसवायला तिनं बसस्टँडपर्यंतचा रस्ता चालत काढला. मग बसमध्ये बसली आणि पुढचं ठरवायला लागली.

घरच्या छतावरचे बाकीचे आकडे खरे होते का? गवत, वावळ, गाजरगवत काही शादाबच्या शर्टातून आलेलं नव्हतं. पण ज्या पट्टीवर एक बिनबुलावा पाहुणा आला, तिथं दुसरा आलाच नसेल हे कुणी सांगावं? चाकणच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला तिच्या आत्याचं, आलियाफुफीचं घर होतं. दोन्ही बाजूंनी डेंगळ्यांची शेतं, जवळ एकही शेड नाही. छताच्या जिन्याला कुलूप, कारण फुफीचे गुडघे गेल्यापासून वर कुणी जातच नव्हतं. साबिया तिथंच उतरली.

"किल्ली दे, फुफी."

"वर काय आहे गं?"

"काहीच नाही. म्हणूनच हवं."

फुफीनं किल्ली दिली आणि बदल्यात जेवायला बसवलं. असले व्यवहार फुफी कधी तोट्यात करत नसे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शादाबनं चकत्या उखडून मोटरसायकलवर बांधल्या आणि तिकडं पोचवल्या. वाटेत त्यानं दोनदा माफी मागितली आणि एकदा विचारलं, "पण काय गं, माझ्या मण्याला सरांनी नाव काय दिलं होतं?" सांगितल्यावर तो चौकापर्यंत हसत राहिला. "मग आमच्या शेडला पाटी लावू का? चाकण प्रकार एक मिळेल, पोत्यानं!"

"लाव. खाली माझा नंबर दे."

तेव्हापासून रोज कॉलेजातून परत येताना ती फुफीकडं उतरायची. सूर्य मावळायच्या आत जुनी पट्टी काढायची, नवी लावायची. जागा मिळो न मिळो.

निगडीच्या प्राधिकरणातल्या सभागृहात गर्दी बऱ्यापैकी होती. सरांच्या फोनांनी काम केलं होतं. सर पहिल्या रांगेत बसले होते, हाताची घडी घालून, समोर बघत. त्या दिवसानंतर ते साबियाशी कामापुरतंच बोलले होते. शीर्षक बदललं की नाही, हे तिनं विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा पडद्यावर जुनंच शीर्षक आलं.

साबियानं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा सरांकडं. "हे शीर्षक चुकलंय," ती माइकमध्ये म्हणाली. "यातला नवा प्रकार परागकण नाही. तो गुरुवारी सुट्टी घेतो."

सभागृहात खसखस पिकली. निगडीतली माणसं ती. गुरुवार म्हटल्यावर निम्म्यांना पुढचं न सांगता कळलं. तिनं सगळं सांगितलं, भावाच्या शर्टासकट, आईच्या कायद्यासकट. जाळलेल्या पत्र्याचा फोटो दाखवला. मग तिनं गवत आणि वावळ आणि गाजरगवत सांगितलं, कुठल्या महिन्यात काय उडतं आणि दमेकऱ्यांनी कधी जपायचं. फारच साधं होतं ते. तिला स्वतःलाच वाटलं, मी बोल्ट मोजून दाखवतेय.

समितीच्या अध्यक्ष मॅडम पुण्याच्या होत्या, आवाज बारीक पण धार चांगली. "तुम्ही एकट्याच मोजत होतात. हा परागकण आहे हे नक्की कुणी केलं होतं?"

"मी," साबिया म्हणाली.

पहिल्या रांगेत खुर्ची वाजली. टाकळकर सर उभे होते. "न्हाई," ते म्हणाले, आणि मग घसा साफ करून, "नाही. मी केलं. ती म्हणत होती रंग घेत नाही. मीच म्हणालो, कवच जाड असेल. मला तो नवा पाहिजे होता." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "शीर्षक बदलायचं पण माझ्याकडं होतं. तेही मी केलं न्हाई." एवढं बोलून ते बसले, आणि हाताची घडी सुटली ती परत घातली गेली नाही.

मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. "मग तुमचे बाकीचे आकडे तरी विश्वासाचे कशावरून?"

"नाहीत, मॅडम," साबिया म्हणाली. "पुरते नाहीत. म्हणून यंत्र दुसरीकडं हलवलंय. तिथं वर कुणी जात नाही, जवळ शेड नाही. तिथले आकडे घरच्या आधीच्या आकड्यांशी ताडून बघते आहे. वावळ आणि गवत जुळतायत. बाकीच्यांचं अजून सांगता येत नाही."

"हे कधीपासून?"

"सरांना सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि आज जागा मिळाली नाही तर ते यंत्र?"

साबियाला प्रश्नच नीट कळला नाही. "ते तिथंच राहील ना, मॅडम. वर्ष अर्धवट कसं सोडायचं?"

अजून चौघांचं काम मांडायचं होतं, मग चहा, मग समिती आत बसणार, मग निकाल. साबियानं खिडकीतून उन्हाचा अंदाज घेतला. निगडीहून चाकणची बस, भोसरीचा खोळंबा, पुढं फुफीचं घर. तिनं पिशवी खांद्याला लावली.

"कुठं निघालीस?" अंजलीनं दारात अडवलं. "निकाल आहे गं! तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"पट्टी बदलायचीय."

"एक दिवस राहिली तर काय आभाळ कोसळतं?"

"एक दिवसाची फट पडते," साबिया म्हणाली. "आणि मग ती फट कशाची हे मला वर्षभर सांगत बसावं लागतं. तू थांब. फोन कर."

फुफीच्या छतावर पोचली तेव्हा सूर्य डेंगळ्यांच्या पांढऱ्या गोंड्यांना टेकला होता. तिनं जुनी पट्टी काढून डबीत ठेवली, नव्या पट्टीवर चिकट थर पसरायला घेतला. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. बोटं चिकट. अर्ध्यात हात काढला तर थराला बुडबुडे धरणार. फोन वाजून-वाजून थांबला, परत वाजला. खालून फुफी ओरडली, "अगं उचल की, कुणाचा जीव जायला लागलाय!" साबियानं पट्टी चकतीवर बसवली, खिट्टी दाबली, तारीख घातली, मगच कापडाला हात पुसले.

"मेली होतीस का?" अंजली किंचाळत होती. "मिळाली! जागा तुला मिळाली! थांब, सर घेतायत."

पलीकडं खाकरण्याचा आवाज झाला. "साबिया. मॅडमची एक अट आहे. जुनं सगळं बाजूला ठेवायचं. वर्ष पहिल्यापासून मोजायचं. नव्या जागेवरून. आणि दर महिन्याला दुसऱ्या कुणीतरी पट्ट्या तपासायच्या. मी म्हटलं, मी रिकामाच आहे उन्हाळ्यापासून. रंग घेत नसंल, तर या बारीला ऐकीन तुझं."

"या तुम्ही, सर," साबिया म्हणाली. "पण जिना उभा आहे. गुडघे सांभाळून यायचं."